काळ्या फडक्याखाली

मी सूतगिरणीत रिंग खात्यात सायडर आहे. तुटलेला धागा फिरत्या चातीवर जोडायचा आणि पुढच्या तुटलेल्या धाग्याकडं पळायचं. आठ तास हेच. उरलेल्या वेळात झोप, आणि झोपेतून उरलं तर कविता. कॅमेऱ्याचा आणि माझा काही संबंध नव्हता.

मागल्या दिवाळीत इचलकरंजीत एका भंगारवाल्याकडं लाकडी खोकं दिसलं. सागवानी, पितळी बिजागऱ्या, पुढं लेन्स, मध्ये लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा भाता, मागं दुधी काच. केरळातल्या अलप्पुळाला बनलेला 'वागीश्वरी'. एके काळी गावोगावच्या स्टुडिओत असले कॅमेरे असायचे. भंगारवाला तो पितळेसाठी फोडणार होता. मी अर्धा बोनस मोजला. घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

वस्तीत पिंपळाखाली तो उभा केला, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि दुधी काचेत बघितलं. च्यायला! आख्खी वस्ती उलटी. पत्रे खाली, गटार वर, पोरं आभाळाला लटकलेली. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. मला वाटलं, कॅमेरा बिघडला. नंतर कळलं, या जातीचा कॅमेरा असंच दाखवतो. लेन्समधून प्रकाश सरळ येतो आणि उलटा पडतो. आपणच मनात सुलटा करून घ्यायचा.

शिकवायला कोणी नव्हतं. थोडं मोबाईलवर बघून कळलं, थोडं एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातनं, डिक्शनरी मांडीवर घेऊन. बाकीचं चुकून चुकून.

पहिली चूक भात्याची. रात्री दार लावून आत मोबाईलचा दिवा ठेवला, तर घड्यांच्या कोपऱ्यांतनं चांदण्या दिसायला लागल्या. अकरा भोकं. छत्रीचं काळं कापड आणि फेविकॉल लावून बुजवली.

दुसरी अडचण फिल्मची. हा हाफ प्लेटचा कॅमेरा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. एवढी फिल्म आमच्या खिशाला कुठली परवडायला? मग एक्स-रे काढणाऱ्या ओळखीच्या पोरानं जुना डबा दिला. त्यांच्याकडं आता सगळं कॉम्प्युटरवर निघतं. तारीख उलटलेली फिल्म, पण चालते. ती तांबड्या दिव्यात कापायची. दोन्ही अंगांना मसाला असतो, नख लागलं की ओरखडा. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये तळाला काच टाकायची, मग ओरखडे कमी येतात. जुन्या स्लाइडा काचेच्या प्लेटसाठी केलेल्या, म्हणून फिल्मच्या मागं पुठ्ठा घालायचा. हे सगळं बोटांनी. इथं मात्र मला कोणी शिकवायची गरज नव्हती. रातपाळीत पेंगत पेंगत धागा जोडणारी बोटं आहेत ही. त्यांना उजेड लागत नाही.

फिल्म कापताना आजा आठवायचा. तो मुंबईच्या गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. हजारोंना परत काम मिळालं नाही, त्यात आजा. गावी आला तो छातीत कापूस घेऊन. माझ्या आठवणीत त्याचा एकच फोटो होता, छातीचा. एक्स-रे. तोंडाचा फोटो नाही.

म्हणून आजीचा काढायचा ठरवला.

आजीचाही धड फोटो नाही. आधार कार्डावरचा आहे, त्यात ती चोरासारखी दिसते. लग्न झाल्यावर आजा तिला तालुक्याच्या एका स्टुडिओत घेऊन गेला होता. तिथं नक्षीची खुर्ची होती. तिच्या आधीच्या बाईला खुर्चीत बसवलं. हिची पाळी आल्यावर फोटोवाल्यानं वस्ती विचारली आणि खुर्ची उचलून बाजूला ठेवली. "उभं ऱ्हावा," म्हणाला. आजा पैसे न देता तिला घेऊन बाहेर पडला. आजी ही गोष्ट हसत सांगते. मला हसू येत नाही.

पहिल्या दिवशी आजीला पिंपळाच्या सावलीत बसवलं. लेन्सपासून चेहरा दोन फुटांवर, काचेत नुसता चेहराच भरेल असा. टोपण काढलं, एक म्हटलं, टोपण लावलं. फिल्म धुतली तर जवळजवळ कोरी. पुस्तक पुन्हा उघडलं. लेन्स आठ इंचांची. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून मी भाता बारा इंच ओढला होता. म्हणजे दीडपट. भाता जितका लांब, तितका प्रकाश वाटेत पसरतो. दीडपट लांबीला सव्वादोनपट प्रकाश द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी हिशेबानं दिला. फिल्म नीट आली. कागदावर छापली, आजीच्या हातात दिली. तिनं डोळ्याजवळ नेली, लांब धरली.

"ही कोण? आणि माझं गोंदण कुठं गेलं?"

खरंच. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण नव्हतं. चेहरा आहे त्याहून कितीतरी काळा आला होता आणि गोंदण त्यात बुडालं होतं. मी रात्रभर विचार केला. ही फिल्म निळा आणि हिरवा प्रकाश बघते. तांबडा तिला दिसतच नाही, म्हणून तर तांबड्या दिव्यात कापता येते. आपल्या कातडीतनं येणारा प्रकाश जास्त तांबडा, तो तिला अंधार वाटतो. गोंदण निळं-हिरवं, ते तिला उजेड वाटतं. कातडी खाली गेली, गोंदण वर आलं, दोन्ही एका पातळीला येऊन पुसलं.

मग राग आला. कोणावर काढायचा कळेना. याच तऱ्हेच्या खोक्यांनी इंग्रज सरकारनं इथल्या जातीजमातींचे फोटो काढून १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड छापले. 'द पीपल ऑफ इंडिया'. बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जमात आहे. पुढं आपले स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाला गोरं करायला लागले. एकानं आपल्याला नमुना केलं, दुसऱ्यानं आपल्याला पुसलं. आता कॅमेरा माझ्या हातात आणि मीही आजीचं कपाळ पुसलं. नकळत, पण पुसलंच की.

उपाय साधा निघाला. सजावटीचा पिवळा जिलेटिन कागद दोन रुपयांना मिळतो. तो लेन्सवर बांधला. पिवळा कागद निळा प्रकाश अडवतो, हिरवा सोडतो. पण वेळ वाढते. सावलीत एक सेकंद, भात्यासाठी सव्वादोनपट, कागदासाठी तिप्पट. झाले जवळजवळ सात सेकंद.

"आजी, सात आकडे हलायचं नाही. श्वास पण हळू."

"आरं, मी कशाला हलतो? उभ्या जन्मात मला कुणी बस म्हटलं नव्हतं. आता बसलो हाय तर उठवू नको."

शेजारच्यांची लाकडी खुर्ची आणली होती. डोकं मागं पिंपळाला टेकवलं. मी टोपण काढलं आणि मोठ्यानं आकडे म्हटले. पोरंही म्हणायला लागली. सातला टोपण लावलं.

रात्री तांबड्या दिव्याखाली कागदावर आधी साडीचा काठ आला, मग डोळे, मग कपाळावर गोंदण. पुसट, पण तिचं. सुरकुती न् सुरकुती. कान थोडे हलल्यागत, कारण इतक्या जवळून डोळे स्पष्ट केले की कान सुटतात. मला वाटलं, आपण काहीतरी केलं आयुष्यात.

सकाळी आजीनं बघितलं. गोंदणावर बोट फिरवलं. बराच वेळ गप्प.

मग म्हणाली, "चांगला हाय. पर खुर्ची दिसत न्हाई की रं."

मी काय बोलणार? सगळा हिशेब केला होता, हा राहिला होता.

त्याच दिवशी कॅमेरा पुन्हा मांडला. मागं सरकलो, भाता आत घेतला, तीन आकडे पुरले. या फोटोत पिंपळ आहे, पत्र्याचं घर आहे, मधोमध चार पायांची खुर्ची आणि तिच्यात आजी. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, घट्ट. चेहरा नखाएवढा. गोंदण दिसत नाही.

भिंतीवर तिनं हाच लावायला लावला. बाबासाहेबांच्या खाली, आज्याच्या एक्स-रेशेजारी. माझ्या मेहनतीचा तो मोठा चेहरा पत्र्याच्या पेटीत आहे. तो मला जास्त आवडतो. पण फोटो तिचा आहे.