न झाडलेल्या गोळीची गोष्ट

नाट्यवाङ्मय शिकवणाऱ्या प्रत्येकाला चेकॉव्हची बंदूक ठाऊक असते. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली, तर पुढे केव्हातरी तिचा बार उडालाच पाहिजे. उडायचा नसेल तर ती टांगूच नये. हा दंडक मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो, आणि विद्यार्थीही तो परीक्षेत इमानेइतबारे लिहीत आले. परंतु या दंडकात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती बंदूक भिंतीवर आहे, म्हणजेच ती सर्वांना दिसते आहे. जे शस्त्र कोणाला दिसू नये म्हणूनच बाळगलेले असते, आणि ज्याचा बार बहुधा आयुष्यात कधीच उडणार नसतो, त्याची गोष्ट कशी सांगायची? हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकाने घातला नाही. एका होल्स्टरच्या खरेदीने घातला.

2018च्या उन्हाळ्यात मी ह्यूस्टनला माझ्या भाच्याकडे काही आठवडे राहिलो होतो. त्याचे तेथे रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे दुकान आहे. आदल्या वर्षी शेजारच्या दुकानावर सशस्त्र दरोडा पडला, त्यानंतर त्याने पिस्तूल घेतले आणि ते कपड्यांखाली लपवून बाळगण्याचा परवानाही काढला. टेक्सासमध्ये असा परवाना 1996पासून मिळू लागला. 1 सप्टेंबर 2021पासून तर बहुतेक सज्ञान नागरिकांना त्याचीही गरज उरलेली नाही. भाच्याने पिस्तूल तासाभरात निवडले होते. होल्स्टर मात्र वर्षभर त्याच्या मनासारखे मिळत नव्हते. त्याच्या कपाटातला एक खण नापसंत होल्स्टरांनी भरलेला होता. "मामा, चप्पल चावते ना, तसंच हे चावतं," तो म्हणाला. "दुकानात बरं वाटतं, आणि घरी आल्यावर कळतं."

त्याच्याबरोबर मी दुकानात गेलो तो निव्वळ कुतूहलाने. तेथे जे ऐकले ते एखाद्या शिंप्याच्या किंवा चर्मकाराच्या बोलण्यासारखे होते. होल्स्टरने चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, म्हणजे बोट किंवा सदऱ्याचे टोक चुकून आत जाणार नाही. त्याची पकड अशी हवी, की धावताना वा वाकताना शस्त्र निसटू नये. त्याचे तोंड शस्त्र बाहेर काढल्यावर मिटता कामा नये, कारण ते एका हाताने, न बघता परत ठेवता आले पाहिजे. एवढे झाले की सुरक्षिततेचा विषय संपतो आणि सोयीचा सुरू होतो. आणि सोयीला अंत नाही. कमरेवरच्या जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात: बेंबी म्हणजे बारा, उजवी बाजू म्हणजे तीन. चारच्या आसपास, पाठीकडे झुकलेले शस्त्र चालताना सुखाचे. पण मोटारीत बसले की ते आसनात रुतते. एकच्या जागी, पोटाशी ठेवले तर ते हाताशी राहते आणि छान लपते. पण बसले की मूठ बरगडीखाली टोचते आणि नळी मांडीच्या मुळाशी. चामडे हळूहळू अंगाचा आकार घेते, पण घामाने मऊ पडते, आणि ह्यूस्टनचा दमट उन्हाळा म्हणजे आपली मुंबईच. कायडेक्स नावाचे कडक प्लास्टिक, जे आधी विमानांच्या अंतर्भागासाठी वापरले जाई, ते तापवून नेमके त्या पिस्तुलाच्या आकारावर बसवतात. ते घामाला दाद देत नाही, आणि अंगालाही देत नाही. शिवाय पट्टा रुंद आणि ताठ हवा, नाहीतर सगळे वजन एका कडेला ओघळते. विजार कमरेत एक माप मोठी घ्यायची. सदरा बाहेर सोडायचा.

या सगळ्या खटाटोपाला तेथे एक शब्द आहे: 'प्रिंटिंग'. कपड्याखालच्या शस्त्राची आकृती कपड्यावर उमटली, की ते 'प्रिंट' झाले म्हणतात. आयुष्य छापील अक्षरांत घालवलेल्या माणसाला हा शब्द ऐकून थबकावेसे वाटले, तर नवल नाही. आमच्या धंद्यात उमटणे हे साफल्य. त्यांच्या धंद्यात ती चूक. होल्स्टर बाळगणारा माणूस दिवसभर स्वतःच्या अंगाचे मुद्रितशोधन करत असतो, आणि आपल्या पानावर काहीच उमटू नये अशी त्याची धडपड असते.

परत आल्यावर मी या दृष्टीने पुस्तके पुन्हा चाळली. पाश्चात्त्य रहस्यकथेत पिस्तुले पायलीला पन्नास, पण ती बाळगणाऱ्या शरीराची जाणीव फार थोड्या ठिकाणी आहे. डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन' (1930) या कादंबरीत ती आहे. तिच्यातला विल्मर हा पोरगेलासा गुंड, ओव्हरकोटाच्या दोन्ही खिशांत दोन जड पिस्तुले घेऊन हिंडतो. त्याचे खिसे फुगलेले आहेत, म्हणजे तो पानोपानी 'प्रिंट' होतो आहे. नायक सॅम स्पेड मागून त्याचे दोन्ही हात पकडतो आणि ते कोटाच्या खिशांतच अडकवून त्याची दोन्ही शस्त्रे काढून घेतो. ज्या कपड्यात शस्त्र लपवले, त्याच कपड्याने माणूस जखडला जातो. स्पेड स्वतः पिस्तूल बाळगत नाही. पोलिसांनी विचारल्यावर ती आपल्याला फारशी आवडत नाहीत, असे तो सांगतो. हॅमेट पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेत नोकरी करून लेखनाकडे आला होता. कोटाचे हे ज्ञान त्याला तेथून मिळाले असावे, असे मानण्याचा मोह होतो.

याच्या उलट उदाहरण इयन फ्लेमिंगचे आहे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्यांना अधिक उद्बोधक ठरावे. 1953च्या 'कॅसिनो रोयाल'पासून फ्लेमिंगने जेम्स बाँडला 0.25 कॅलिबरचे छोटेसे बेरेटा पिस्तूल आणि मऊ शॅमॉय चामड्याचे होल्स्टर दिले होते. मे 1956मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड या शस्त्रांच्या जाणकाराने त्याला पत्र लिहिले. तुमचा नायक मला आवडतो, पण त्याची शस्त्रांची आवड शोचनीय आहे. ते पिस्तूल बायकी आहे. त्याला रिव्हॉल्व्हर द्या. आणि नेहमीच्या वापराला काखेतले होल्स्टर कृपा करून नको, असा त्या पत्राचा मथितार्थ. त्याने बर्न्स-मार्टिन नावाचे होल्स्टर सुचवले. ते पुढून उघडे असते, आणि आतली स्प्रिंग रिव्हॉल्व्हरचे गोल चक्र धरून ठेवते. फ्लेमिंगने सल्ला आनंदाने घेतला. 1958च्या 'डॉ. नो'मध्ये बाँडच्या हातून बेरेटा काढून घेतले जाते, आणि नवे शस्त्र सुचवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव कृतज्ञतेने मेजर बूथरॉइड असे ठेवलेले आहे. चित्रपटांतला 'क्यू' तो हाच.

पण फ्लेमिंगने बाँडला दिले वॉल्थर पीपीके हे चपटे पिस्तूल, आणि ते ठेवले बर्न्स-मार्टिन होल्स्टरात. ज्या स्प्रिंगने चक्र धरायचे, तिला या पिस्तुलात धरण्यासारखे काहीच नाही. दोन्ही नावे अस्सल, जोडी मात्र अशक्य. वास्तववाद शिकवताना मी हे उदाहरण आता आवर्जून देतो. नावांची अचूकता आणि वस्तूची अनुभूती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण कथेत शेतीच्या अवजारांची यादी देणारा लेखक आणि नांगराची मूठ हाताला कशी लागते हे जाणणारा लेखक, यांत आपण जो फरक करतो तोच हा. फ्लेमिंगने होल्स्टरचे नाव ऐकले. दिवसभर ते कमरेला लावून मोटारीत बसणे त्याच्या कल्पनेत आले नाही.

या पत्रव्यवहाराला एक काळी किनार आहे. 'फ्रॉम रशिया, विथ लव्ह'च्या मुखपृष्ठासाठी बूथरॉइडने आपले 0.38 कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर चित्रकार रिचर्ड चॉपिंग याच्याकडे पाठवले होते. त्याच सुमारास, सप्टेंबर 1956मध्ये, ग्लासगोजवळच्या एका घरात तीन स्त्रियांचा तशाच कॅलिबरच्या शस्त्राने खून झाला, आणि पोलीस अशी शस्त्रे बाळगणाऱ्यांची चौकशी करत बूथरॉइडपर्यंत पोहोचले. त्याचे रिव्हॉल्व्हर तेव्हा चित्रासाठी बसले होते. सौंदर्याच्या प्रांतातली वस्तू दुसऱ्या प्रांतात किती सहज ओढली जाते, हे यावरून दिसावे.

आपल्या भाषेतही लपवलेल्या शस्त्राला स्वतंत्र शब्द आहे: गुप्ती. काठीच्या पोटात पाते. म्हातारपणाच्या आधारात घाताची सोय. आणि आपल्या परंपरेतली लपवलेल्या शस्त्रांची सर्वांत थोर कथा विराटपर्वातली. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर ठेवली, आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेत बांधले. लक्षात घ्यावे ते हे, की स्वतःची ओळख लपवायची वेळ आली तेव्हा त्यांनी शस्त्रे अंगावर लपवली नाहीत, अंगावेगळी केली. बल्लव होऊन चुलीपुढे बसायचे, बृहन्नडा होऊन नृत्य शिकवायचे, तर अंगाला शस्त्राची सवय राहून चालणार नाही, हे महाभारतकाराला दिसले असावे. शस्त्र माणसाची चाल घडवते.

हाच प्रश्न टेक्साससमोर वेगळ्या रूपात आला, आणि तोही आपल्या व्यवसायाच्या आवारात. 1 ऑगस्ट 2016पासून तेथील सार्वजनिक विद्यापीठांत परवानाधारकांना लपवलेले पिस्तूल घेऊन वर्गात बसण्याची मुभा मिळाली. तो दिवस ऑस्टिनच्या विद्यापीठातील मनोऱ्यावरून झालेल्या गोळीबाराला बरोबर 50 वर्षे पूर्ण होण्याचा होता. ऑस्टिनच्या विद्यापीठाने जे नियम केले, त्यांत होल्स्टरचेही कलम आहे: त्याने चाप आणि भोवतीची कडी पूर्णपणे झाकली पाहिजे, आणि अनपेक्षित धक्का बसला तरी शस्त्र त्यात टिकले पाहिजे. दुकानातल्या माणसाने सांगितलेलेच हे. आता ते विद्येच्या नियमावलीत होते. तिघी प्राध्यापिका न्यायालयात गेल्या, त्यांतल्या दोघी इंग्रजी साहित्याच्या. कोणाच्या कमरेला पिस्तूल असू शकते या जाणिवेने वर्गातील चर्चेचा संकोच होतो, हे त्यांचे म्हणणे. 2018मध्ये अपील न्यायालयाने दावा फेटाळला: ही हानी अनुमानावर आधारलेली आहे, दावा लावण्याइतकी निश्चित नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. परंतु वर्गात एखाद्या वादग्रस्त कथेवर बोलताना आपण वाक्य मध्येच वळवतो, तेव्हा त्या वळणाचा पुरावा कोठे शिल्लक राहतो? तेथे गोळी झाडली जात नाही. बदलते ते फक्त वाक्य.

भाच्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण तो शस्त्रांचा शौकीन नाही. शिकवणारे सांगतात की टोचणारे होल्स्टर माणूस चार दिवसांनी घरी ठेवतो, आणि मग परवाना, सराव सारेच वाया. म्हणून सोय ही चैन नव्हे. हा युक्तिवाद मला खोडता आला नाही. पण सोयीला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेच्या विमानतळांवरील तपासणीत 2023 या एका वर्षात 6,737 शस्त्रे सापडली, त्यांतली सुमारे 93 टक्के भरलेली. पकडलेल्यांचे नेहमीचे उत्तर एकच: विसरलो. भाच्याने अखेर होल्स्टर निवडले तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "मामा, आता असल्याचं जाणवतसुद्धा नाही." त्याला हवे होते ते मिळाले होते. मला मात्र वाटले, की टोचणारे होल्स्टर निदान आठवण तरी ठेवत होते.

त्याने ते निवडण्यामागे आणखी एक कारण होते. पोटाशी ठेवायचे होल्स्टर त्याला जास्त पसंत होते, पण त्या हिवाळ्यात माझी बहीण त्याच्याकडे येणार होती. आई जवळ घेईल तेव्हा हाताला लागायला नको, म्हणून त्याने पाठीकडचे घेतले. ताईला सांगू नका, असे त्याने मला बजावलेही. ताई चार महिने राहून परतली. दोन वर्षांनी त्याने स्वतःच तिला फोनवर सारे सांगितले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली, तेव्हा रागावलेली नव्हती. म्हणाली, "तरीच. नमस्कार करताना कंबरेतून वाकायचा नाही, गुडघे टेकायचा. मला वाटलं पाठ धरली असेल. रोज तेल चोळू का विचारायचे, तर नको म्हणायचा."

वाकले की सदरा पाठीवर ताणला जातो आणि आकृती उमटते, म्हणून गुडघ्यांतून वाकावे, हे त्यांच्या शिक्षणाचाच भाग आहे. चार महिने त्या घरात कोणी काही पाहिले नाही, कोणी काही ऐकले नाही. चेकॉव्हच्या हिशेबाने काहीच घडले नाही. फक्त मुलाची आईपुढे वाकण्याची रीत बदलली, आणि तिने त्यासाठी तेल गरम करायची तयारी दाखवली. असो. कथा लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता एवढेच सुचवतो, की पात्राच्या हाती शस्त्र देणार असाल तर बार कधी उडवायचा हे मागाहून ठरवा. आधी ते पात्र खाली कसे बसते, वाकते कसे, कोणाला जवळ येऊ देते आणि कोणाला नाही, हे लिहून पाहा.