भोकरदनची गल्ली, सांचीचा दगड



जुनी घरे पाहायला निघालो की आपल्याला सरदारांचे आणि देशमुखांचे वाडे दाखवले जातात. या रविवारी मुलाबाळांना घेऊन एक वेगळी गल्ली पायी फिरून या. जालन्याहून एस.टी.ने राजूरमार्गे भोकरदनला उतरा आणि केळणा नदीच्या बाजूने जुन्या वस्तीत शिरा.

मराठवाड्यातले जुने घर म्हणजे मातीच्या रुंद भिंती, वर माळवद आणि दारापुढे ओटा. अशा घरांसमोरून चालताना मुलांना सांगा, आपण एका प्राचीन नगरावरून चाललो आहोत. त्या नगराचे नाव भोगवर्धन. पैठणहून अजिंठ्याकडे आणि पुढे उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे सातवाहनकाळातील भरभराटीचे गाव. १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी येथे उत्खनन केले. त्यात मणी, नाणी आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे मिळाली होती. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. येथील कारागिरांच्या कलेचे नाते असे थेट समुद्रापलीकडे पोहोचते!

पण आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट पुढेच आहे. मध्यप्रदेशातील सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे गावासह कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. सांचीच्या दात्यांत भिक्खू-भिक्खुणी आहेत, व्यापारी आहेत, घरसंसार करणाऱ्या स्त्रिया आहेत. तेथील दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपल्या कामाची नोंद कोरून ठेवली आहे. बुद्धाच्या धम्मात कष्टकऱ्याचे नाव राजाच्या नावाइतकेच दगडावर चढले.

आता त्याच गल्लीत उभे राहून विचार करा. पाटलाच्या वाड्याला नाव असते, देशमुखाच्या गढीला नाव असते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घराला काय नाव होते? घराला नाव नव्हतेच. साऱ्या वस्तीला मिळून एकच जातीचे नाव, तेही गावकुसाबाहेर. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, तेव्हा आपण मनातून ते नाव पुसले. सरकारदरबारी मात्र वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. म्हणजे मधे तब्बल चौसष्ट वर्षे गेली!

म्हणून परत आल्यावर घरी एक काम करा. वहीचे एक पान घ्या. आपले घर कोणी बांधले, कोणत्या साली बांधले, भिंतीची माती कोणी तुडवली, या घरातून पहिल्यांदा शाळेत कोण गेले, बाबासाहेबांची तसबीर कोणी आणून लावली, हे आजीला विचारून लिहा. आजी सांगेल आणि नात लिहील. खाली दोघींची नावे घाला.

भोगवर्धनच्या माणसांची नावे दोन हजार वर्षे टिकली, कारण ती कोणीतरी कोरली. आपल्याकडे दगड नसेल, वही तर आहे ना?