खून होतो, पण झोप उडत नाही

कोल्हापुरात जुलैचा पाऊस लागला की दिवसचे दिवस उघडत नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली जातो, बाहेरची कामं आपोआप टळतात. अशा दुपारसाठी १८५० सालापासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरातून वाचकाने काय आणावं? रहस्यकथाच, पण रक्तबंबाळ नको.

मराठी वाचकाला रहस्याची चटक लावली ती बाबूराव अर्नाळकरांनी. हजाराहून अधिक पुस्तकं! त्यांचे नायक झुंझार आणि काळापहाड मात्र धाडसी गडी. याउलट अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पल. १९३० साली कादंबरीत अवतरलेल्या या वयस्कर बाई बागकाम करत, विणत, गावगप्पा ऐकत खुनी हुडकतात. कुणाचं कुणाशी का फाटलं, हे पाठ असलेल्या आत्या-काकू आपल्याही गल्लीत असतातच की! विषाचा तपशीलही पक्का, कारण पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई इस्पितळाच्या औषधालयात काम करत होत्या.

अशा कथांत खून पहिल्या काही प्रकरणांत उरकतो. खरी मजा पुढच्या संशयात.

सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांनी मराठीत आणला आहे. घरात शाळकरी मुलं असतील, तर सुरुवात त्याच्यापासून करा.