बिघडलेला रंग

नवे काम करणे आणि बिघडलेले काम निस्तरणे ह्यांत दुसरे अधिक अवघड, हे शिंप्यापासून शल्यवैद्यापर्यंत सर्वांस ठाऊक असते. केस रंगविण्याच्या धंद्यासही हाच न्याय लागू आहे. परंतु त्या धंद्यात शिकण्याजोगे काही असेल, ही कल्पना आपल्या सुशिक्षित घरांतून अद्याप फारशी रुजलेली नाही.

आमची पुतणी रसायनशास्त्र घेऊन बी. एससी. झाली आणि ठाण्यास खोपटच्या एस. टी. स्थानकाजवळील एका सलूनमध्ये उमेदवारी करू लागली, तेव्हा घरात जे वादळ उठावयाचे ते उठलेच. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या मातोश्रींनी विचारले, "पदवी घेतलीस ती लोकांची डोकी धुवायला का ग?" मुलीने वाद घातला नाही. सहा महिने ती मुकाट्याने डोकी धूत राहिली. कारण धुताना बोटांस केसांचा पोत कळतो, आणि तो कळल्याखेरीज रंगाच्या वाटीस हात लावावयाचा नाही, असा तिच्या शिक्षिकेचा दंडक होता. संध्याकाळी मात्र ती वही लिहीत बसे. त्या वहीवरून आम्हांस जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

केसाचे बाहेरील आवरण कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे असते आणि त्याचा रंग आतील गाभ्यात असतो. अमोनिया ही कौले सैल करितो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आत शिरून मूळचा रंग उजळविते. पेरॉक्साइडची तीव्रता ‘व्हॉल्यूम’ने मोजतात. २० व्हॉल्यूम म्हणजे एका माप द्रावणातून वीस मापे प्राणवायू निघेल असे, सुमारे ६ टक्क्यांचे द्रावण. ४० म्हणजे १२ टक्क्यांचे. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युएलेर ह्या तरुण रसायनज्ञाने कृत्रिम कलप तयार करून केशकर्तनकारांस विकावयास आरंभ केला. तेव्हापासून तर हा धंदा प्रयोगशाळेचा जवळचा आप्तच झाला आहे.

आपल्याकडील काळे केस उजळू लागले की प्रथम तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होतात. मध्येच थांबले तर केसांवर गंज चढल्यासारखे दिसते. त्यावर उतारा विरुद्ध रंगाचा: नारिंगीस निळा, पिवळ्यास जांभळा, तांबड्यास हिरवा. हे चित्रकाराच्या रंगचक्राचेच शास्त्र होय. परंतु बिघाड दुरुस्त करावयाचा असता ह्याहून मोठा नियम असा की, कलपावर कलप चढवून केस उजळत नाहीत. आधीचा कलप काढावाच लागतो. उलटपक्षी, अति उजळलेले केस पुन्हा तपकिरी करावयाचे तर त्यांतून नाहीशी झालेली तांबूस-सोनेरी छटा अगोदर भरून द्यावी लागते. नाहीतर वरचा रंग हिरवट, मातकट दिसतो आणि लवकर उडतो. काय लावावे ह्याच्या आधी, खाली काय शिल्लक आहे आणि काय गेले आहे, हे ओळखणे ही खरी विद्या.

ह्या विद्येची कसोटी लागल्याचा एक प्रसंग मुलीने घरी सांगितला. लग्न आठ दिवसांवर आलेली एक वधू सलूनमध्ये आली. तीन वर्षे तिने घरी काळा कलप लाविला होता, आणि पुढे तपकिरी छटेच्या हौसेने शेजारणीकडून दोन वेळा ब्लीच करून घेतले होते. टाळूच्या उष्णतेने मुळांशी रसायन वेगाने काम करिते; त्यामुळे केस मुळांशी पिवळे, मध्ये नारिंगी आणि टोकांस काळपट असे तीन रंगांचे झाले होते. "संध्याकाळपर्यंत सगळे एकसारखे करून द्या, पैसे लागतील ते घ्या," असा तिचा आग्रह. शिक्षिकेने पुतणीस एक बारीक बट ओली करून ओढावयास सांगितले. केस रबरासारखे ताणले आणि तुटले.

हे केस तिसरे ब्लीच सोसणार नाहीत, असे ठरले. आणि ते गिऱ्हाइकास सांगण्याचे काम शिक्षिकेने मुद्दाम पुतणीवर सोपविले. वधू रडली, तिची आई रागावली, मोठी रक्कम हातची गेली. अखेर दोघींची समजूत पटली. कानामागे रंगाचा ठिपका लावून ४८ तास वाट पाहण्यात आली. मग तुटकी टोके कापून, मुळांशी सोनेरी-तांबूस छटा भरून, मध्ये निळसर झाक असलेला सौम्य तपकिरी रंग देण्यात आला. टोके किंचित गडदच राहिली. पण केस डोक्यावर राहिले.

मातोश्रींनी हे सर्व ऐकले आणि बऱ्याच वेळाने त्या आपल्या आजीविषयी बोलू लागल्या. आजी आलवण नेसत. ठरलेल्या दिवशी मागील दारी न्हावी येई, आणि त्या दिवशी मुलांस परसात जाण्याची बंदी असे. ही हकीकत ऐकून आम्हांस १८९० सालचे स्मरण झाले. त्या साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला होता. एका वधूस ब्लीच नाकारणे आणि एका क्रूर रूढीस नकार देणे ह्यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु ज्यांचे पोट वस्तऱ्यावर होते त्यांनी तो खाली ठेवण्याचे ठरविले, आणि ज्यांच्या घरांत पोथ्या होत्या त्यांतील बहुतेकांनी मागील दार पुढेही कित्येक वर्षे उघडेच ठेविले, हे सत्य आहे. तेव्हा ह्या धंद्यास हलका म्हणण्याचा अधिकार निदान आपल्या घरांस तरी आहे काय, ह्याचा विचार वाचकांनीच करावा. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम शिकविला जातो. परंतु शासनाने मान्य केलेली विद्या घरच्या ओटीवर मान्य होण्यास अंमळ वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात मातोश्रींनी पणतवाच्या मुंजीसाठी म्हणून कलपाची पुडी आणविली. अशा वेष्टनांवर, आधी त्वचेवर चाचणी घ्यावी अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. पुतणीने ती आजीस मोठ्याने वाचून दाखविली, कानामागे कलपाचा ठिपका लाविला आणि दोन दिवस थांबावयास सांगितले. मातोश्री कुरकुरल्या, पण थांबल्या.