दोनदा आलेल्या देवी

उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवसांनी परळच्या दुकानात येऊन बसलो आणि समोर टांगलेला माझाच नमुना मला बघवेना. नमुना म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायची जोडी. डावीकडे काचेला चिकटलेला, बुरशीनं खाल्लेला जुना फोटो. उजवीकडे तोच, माझ्या हातून निघालेला, बारा बाय पंधरा. नऊवारीतल्या एक बाई, खुर्चीच्या पाठीवर हात. बारा वर्षं मी तो मिरवतोय. आता बाईंच्या गालावर रुपयाएवढी वलयं दिसायला लागली. डाग नव्हेत, डाग मी नीटच काढले होते. डागाभोवती, जिथे माझा ब्रश संपला, तिथला ग्रेन, म्हणजे फोटोतले बारीक कण, गेलेला. गाल खरखरीत, मग एक गुळगुळीत कडं, आत पुन्हा खरखरीत.

उजवा डोळा मिटून डाव्यानं पाहिलं. ज्या डोळ्याचं अजून व्हायचंय, त्याला सगळं झकास दिसतं.

एका जागेचा तुकडा उचलून दुसरीकडे लावणाऱ्या क्लोन ब्रशच्या बाकीच्या तक्रारी मी तक्रारी मानत नाही. क्लोन केलेला तुकडा भलताच काळपट आला, तर ‘ऑल लेअर्स’ चालू आहे आणि वर कर्व्ह्जचा लेअर बसलाय, म्हणजे तोच कर्व्ह दोनदा लागतोय. कुठलाही पोरगा आठवड्यात शिकतो. पण मऊ ब्रश की कडक, यावर माझी उमर गेली. मऊ ब्रशच्या कडेला जुना ग्रेन अर्धा, नवा अर्धा असा मिसळतो. एकाचा पांढरा कण दुसऱ्याच्या काळ्यावर पडतो आणि दोघं मिळून करडे होतात. हिशेब केला तर बरोबर मध्यावर ग्रेनचा जोर सत्तर टक्क्यांवर येतो. बरं झालं नाही म्हणून त्याच जागी परत हात फिरवावा, तर आणखी थोडा जातो. कडक ब्रश घ्यावा तर ग्रेन शाबूत राहतो, पण छटेत केसभर फरक असला की ठिगळ लावल्यासारखी रेघ उठते.

वरून नॉइज, म्हणजे नकली ग्रेन, मारणारे आहेत. मीही मारलाय. पण कॉम्प्युटरचा नॉइज चाळलेल्या रव्यासारखा, एकसारखा. चांदीचा ग्रेन गुठळ्या धरतो, करड्या भागात उठून दिसतो, गडद सावलीत बुडून जातो. हीलिंग ब्रश २००२ साली फोटोशॉपमध्ये आला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. मोकळ्या कपाळावर तो सोन्यासारखा चालतो. टोपीच्या काठाजवळ नेला की टोपीचा काळा रंग कपाळावर ओढून आणतो.

एकदा एका गृहस्थांनी रविवर्म्याच्या लक्ष्मीचा जुना ओलिओग्राफ दिला होता. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. ती लक्ष्मी भिंगाखाली धरा. ज्याला आपण मुलायम गाल म्हणतो तो सगळा ठिपक्यांचा आहे, एकेका रंगासाठी वेगळ्या दगडावर कुणीतरी हातानं मारलेल्या ठिपक्यांचा. माझ्या मऊ ब्रशनं त्याचा पाच मिनिटांत चिखल केला. म्हणून चित्रकार रघुवीर मुळगांवकरांच्या एअरब्रशला ‘गुळगुळीत’ म्हणून नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांचा गुळगुळीतपणा त्यांनी कमावलेला होता. गणपतीत लालबागच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्सवर पेढ्यासारखे चेहरे लागतात, तो कमावलेला नव्हे. मोबाइलवरची ॲपं तर आता चेहरा दुरुस्त करत नाहीत, नवाच बसवतात. आजोबांच्या जागी आजोबांसारखा कुणीतरी.

हे म्हणायचा मला कितपत हक्क आहे, कोण जाणे. कारण लालबागच्या एका आजींचं प्रकरण माझ्या नावावर आहे.

यजमान गिरणीत होते. फोटो साठच्या दशकातला, वर्षश्राद्धाला मोठा करून हवा होता. चेहऱ्यावर देवीचे व्रण. माझे गुरू असे व्रण निगेटिव्हवर पेन्सिलनं भरून टाकायचे, प्रिंटवर तेवढी जागा उजळून यायची आणि माणूस गोरागोमटा व्हायचा. या फोटोवाल्यानं तसं केलं नव्हतं, म्हणून मीही ठरवलं की व्रण ठेवायचे. ठरवलं कसलं, मोठेपणा होता तो. उजवा गाल बुरशीनं साफ खाल्लेला. छटा जुळेल अशी जागा एकच, कानाजवळची. तिथून उचललं, कडेला फाटका असलेला कडक ब्रश, बारीक बारीक टिपके. ग्रेन असा बसला की मीच माझ्यावर खूश. ‘अलाइन्ड’ची खूण मात्र काढलेली राहिली, त्यामुळे ब्रश दर वेळी टेकवला की उचल पुन्हा त्याच जागेवरून. त्रिकोणात बसलेले तीन खड्डे गालावर खाली पुन्हा उमटले. हुबेहूब, तसेच तिरके.

मला ते दिसले नाहीत. आजींनी फोटो हातभर लांब धरला, मग जवळ घेतला.

“तेंका देवी इल्यो हुत्यो,” त्या म्हणाल्या, “पण दोनदा नाय.”

मुलगा हसला. मी काहीतरी स्कॅनरवर ढकललं आणि दुसऱ्या दिवशी नवा प्रिंट दिला. पैसे पूर्ण घेतले. आजींचा चष्मा जाड होता, हे मी तेव्हा घरी जाऊन दोनदा सांगितलं.

आता दुकानात कामाला असलेली मुलगी नमुन्याकडे बघत विचारते, “काका, बाईंचं परत करू का? मूळ स्कॅन आहे आपल्याकडे.” म्हणजे वलयं तिला आधीपासून दिसत होती. मी म्हटलं, बघू. गिऱ्हाईक तो बघूनच फोटो ठेवून जातं. डाव्या डोळ्याची तारीख मी एकदा पुढे ढकललीय.