वीकनेस

अम्मीला दवाखान्यात नेले की डॉक्टरांचे वाक्य ठरलेले असायचे, "काही नाही, वीकनेस आहे." मग एक टॉनिक, कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्ही भावंडे तिला घेऊन रिक्षातून परत. घरी पोहोचेपर्यंत त्या एका शब्दाचे चार झालेले असत. शेजारच्या काकूंना अम्मी 'अशक्तपणा' सांगायची, खालाजानला फोनवर 'कमजोरी'. भाईजान म्हणायचे, आता जईफी आली, चालायचेच. आणि त्यांची लेक म्हणायची, दादी वीक झाली.

या शब्दांपायी आम्ही लहानपणी बोलणी खाल्ली आहेत. निबंधात 'कमजोर' लिहिले म्हणून गुरुजींनी तो खोडून वर 'कमकुवत' लिहिले. "तुमच्या घरचे शब्द घरी ठेवा, इथे मराठी लिहा." वर्ग हसला. आम्ही मान खाली घालून तो शब्द दहा वेळा लिहिला. पुष्कळ वर्षांनी कोश उघडला तेव्हा कळले, कमजोर हा फारसी आणि कमकुवतमधला 'कम'ही तोच फारसी. कुवत मात्र अरबी 'कुव्वत'. म्हणजे आमचा एक शब्द खोडून गुरुजींनी आमचाच दुसरा लिहिला होता, तोही आणखी लांबून आलेला! गुरुजी आज नाहीत. असते तर सांगितले असते की नाही, कोण जाणे.

अशक्त, दुर्बल, कमजोर, कमकुवत या सगळ्यांत वजाबाकी आहे. ताकद मोजायची आणि उणी भरली म्हणायचे. इंग्रजी 'वीक' तसा नाही. इंग्लंडात येऊन वसलेल्या नॉर्स लोकांचा 'वेइक्र' हा त्याचा पूर्वज. जुन्या इंग्रजीत त्याच घराण्यातला एक शब्द आधीपासून होता, आणि जर्मन 'वाइख' म्हणजे मऊ हाही त्याचा भाऊबंद. मुळाशी अर्थ आहे वाकणारा, लवणारा. वेताकाडीच्या विणकामाला इंग्रजीत 'विकर' म्हणतात, तोही याच कुळातला. (आपल्या 'वाकणे'शी मात्र नाते जोडू नये. तो 'वक्र'वरून आला, कान फसवतो.) दुसरा शब्द 'फीबल', तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ, ज्याच्यासाठी रडावे असा. वीकचा वाकणारा अर्थ आम्हाला त्याहून बरा वाटला.

आणि जईफ? मराठीत तो म्हातारा. हदीस जईफ ठरते ती बहुधा सनदीतली एखादी कडी कच्ची असते म्हणून. पण अरबीत ज्वाद, ऐन, फे या त्याच तीन अक्षरांतून 'दुप्पट' या अर्थाचाही शब्द निघतो. ज्या धातूत एक अक्षर दोनदा येते त्याला व्याकरणात 'मुजाअफ' म्हणतात, हे मदरशात सर्फ शिकलेल्यांना ठाऊक आहे. सूरह रूमच्या 54व्या आयतीत माणूस कमजोरीतून ताकदीकडे आणि तिथून पुन्हा कमजोरीकडे जातो. भाईजान त्यावरच बोट ठेवून गप्प बसायचे.

आम्ही गप्प बसलो नाही. आयतीत म्हातारपण आहे, औषध करू नका असे कुठे आहे? हट्ट धरून रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन 8 निघाले. बायकांचे 12च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. वीकनेस हे आजाराचे नाव नाही, खूण आहे, एवढे दोन वर्षे कोणी बोलले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते. अब्बा, मग आम्ही, मग सुना, मग नातवंडे जेवल्यावर पातेल्यात उरेल ते खाणारी बाई! तिच्या ताटात काय असते ते आमच्यापैकी एकानेही कधी वाकून पाहिले नव्हते.

लोहाच्या गोळ्यांनी चेहऱ्यावर रंग आला. गुडघे मात्र वाकत नाहीत. तिला दुःख आहे ते त्याचेच. आयुष्यभर जिने चुलीपुढे, मोरीत, मुसल्यावर कंबर वाकवली, तिची कमजोरी आता वाकता न येण्याची आहे. अब्बांनी आणलेल्या वेताच्या खुर्चीवर बसून ती मगरिब पढते. रुकूला मान थोडी झुकवते, सजद्याला आणखी थोडी. सलाम फेरला की विचारते, "तुम्ही जेवलात का?"

आता आम्ही आधी तिचे ताट वाढतो. ती अजून रागावते.