बावखलाकाठची प्लिमथ

वसईला माणसे किल्ला पाहायला जातात, तुंगारेश्वरला जातात, विरारला जीवदानीच्या पायऱ्या चढतात, आणि अर्नाळ्याच्या समुद्रात पाय भिजवून संध्याकाळच्या लोकलने घरी परततात. आम्ही गेलो ते एक मोटार पाहायला. मोटार विकाऊ होती, अमेरिकन होती आणि सत्तरी ओलांडलेली होती.

मोटारीची हौस माझी नव्हे, माझ्या मेहुण्यांची. नाशिकला त्यांचे जुने कौलारू घर आहे, पुढे मोठे अंगण आहे, आणि बँकेतून निवृत्त झाल्यापासून हाताशी वेळही भरपूर आहे. अशा माणसाने तबला शिकावा, गुलाब लावावेत. यांनी जुनी गाडी घ्यायचे मनात घेतले. त्यातही बेत होता व्यवहाराचा: गाडी लग्नाच्या वरातींना भाड्याने द्यायची आणि हौस फुकटात भागवायची. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, त्यांच्या वरताण. त्याला हवी होती ‘मसल कार’.

ही मसल कार म्हणजे काय, हे मला लोकलमध्ये बोरिवली ते नालासोपारा या टप्प्यात समजावून सांगण्यात आले. अमेरिकेत १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने मध्यम बांध्याच्या गाडीत भल्या थोरल्या गाडीचे इंजिन बसवले आणि तिला जीटीओ हे नाव दिले. सव्वातीनशे अश्वशक्ती! किंमत मात्र तरुणांना झेपेल एवढीच. त्याच वर्षीच्या एप्रिलात न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग लोकांपुढे आली, आणि पुढे आठ-दहा वर्षे अमेरिकेतल्या कंपन्यांत कोणाच्या गाडीचे दंड अधिक भरलेले याचीच चढाओढ चालली. १९७३ साली तेल महागले आणि त्या पहिलवानांची खुराकाअभावी रया गेली.

“मग तसली एखादी मुंबईत का नसेल?” भाच्याने विचारले.

कारण सोपे आहे. त्या गाड्या तिकडे जन्मल्या तेव्हा आपल्याकडे परदेशी मोटारीचे दार जवळजवळ बंद झाले होते. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता, फोर्डचाही मुंबईत होता. पण नुसते सुटे भाग आणून गाड्या जुळवण्यापेक्षा त्या इथेच बनवणाऱ्यांना वाव द्यावा, असे धोरण ठरले आणि १९५४ च्या सुमारास दोघांनीही गाशा गुंडाळला. उरली ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. पुढे त्याच कारखान्याने फियाट काढली, तिची पद्मिनी झाली आणि टॅक्सी म्हणून मुंबईभर फिरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर स्फुटे लिहिली. तिची ही थोरली चुलत बहीण प्लिमथ मात्र गुपचूप भंगारात गेली. आम्ही पाहायला निघालो होतो ती त्यातून वाचलेली एक.

नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला बाहेर पडले की पहिला अर्धा तास आपण प्राचीन शूर्पारकात आहोत यावर विश्वास बसत नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप उकरला, अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथेच मिळाला. आता त्याच सोपाऱ्यात मोबाइलची दुकाने, क्लासच्या पाट्या आणि अंगाला अंग लावून उभ्या इमारती. पण रिक्षा गासच्या रस्त्याला लागली, आणि कोणीतरी पडदा ओढावा तसे सारे पालटले. दोन्ही बाजूंना वाड्या, केळीच्या बागा, नारळी, चाफा, मोगऱ्याचे वाफे. मध्येच एखादा पांढरा क्रूस, त्याच्यापुढे ताजी फुले. हवेला ओलसर थंडावा. इथे प्रत्येक वाडीला विहीर असते, आणि जागोजागी बावखल. बावखल म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे खोदीव तळे. बागांना शिंपणे त्याच्यावर, विहिरींना पाझर त्याचा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या बरोबरच्या मंडळींनी हरित वसईसाठी एवढे रान का उठवले, हे पुस्तकात वाचून कळत नाही. या रस्त्याने जानेवारीच्या सकाळी एकदा जावे.

गाडीचे मालक पंचाहत्तरीच्या घरातले, वसईतले ख्रिस्ती गृहस्थ. उंच, काळेसावळे, बोटे खरबरीत. जन्मभर टर्नर म्हणून लेथवर काम केलेला माणूस. आमच्याशी शुद्ध मराठीत बोलत, पत्नीशी आपल्या कादोडी बोलीत. बाईंनी आमच्यापुढे पाणी आणि सुकेळी ठेवली. वाळवलेल्या राजेळी केळ्याचा तो मधासारखा तुकडा तोंडात असताना कोणी किमतीची घासाघीस करू शकत नाही. बहुधा हेच त्यातले धोरण असावे.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. काकांनी तिच्यावरची जुनी चादर झोपलेल्या लेकरावरून काढावी तशी काढली.

१९५२ ची प्लिमथ. रंग दाट बाटलीहिरवा. सोळा फुटांची लांबी, पुढे एकच सलग बाक, त्यावर तिघे ऐसपैस बसावेत. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. खालून पाहिले, वाकून पाहिले, कुठे पुट्टीचा फुगवटा नाही. आणि बॉनेटच्या टोकावर, सकाळच्या उन्हात चमकणारे, शिडे फुगलेले एक जहाज.

ते मेफ्लॉवर. १६२० साली इंग्लंडमधून अमेरिकेला गेलेल्या यात्रेकरूंचे गलबत. ते प्लिमथ बंदरातून निघाले, आणि गाडीवर त्याचेच चिन्ह. ते गलबत निघाले त्यापूर्वीच पोर्तुगीज वसईत येऊन ऐंशीवर वर्षे झाली होती, आणि आजही किल्लाबंदरला, पाचूबंदरला मासेमारीच्या बोटींची गर्दी असते. हे जहाज इथे मला मुळीच परके वाटले नाही.

“हे मूळचे नाही,” काकांनी होऊन सांगितले. “मूळचे कोणी तरी ऐंशी साली उपटून नेले. हे मी फोटोवरून साचा करून ओतवले, वालीवला. क्रोमिंगही तिथलेच.”

विकणारा माणूस गाडीतले उणे स्वतः सांगतो, हे पाहून मेहुणे जरा बिचकले. पण मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली.

गाडी काकांच्या वडिलांची. मुंबईत एका शेठकडे ते ड्रायव्हर होते. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी त्यांना हप्त्यांवर दिली. वडिलांनी ती वसईला आणली, आणि बरीच वर्षे या पट्ट्यातली निम्मी लग्ने या गाडीतून चर्चला गेली. पुढे पेट्रोल भडकले. सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे, शंभराला तीन कमी अशा अश्वशक्तीचे इंजिन. त्याची तहान ड्रायव्हरच्या मिळकतीला भागेना. त्या काळी मुंबईतल्या कितीतरी अमेरिकन गाड्यांचे जे झाले तेच हिचेही झाले. पेट्रोलचे इंजिन काढले, डिझेलचे बसवले. गाडी चालू राहिली, पण बसणाऱ्याचे दात वाजू लागले.

“बाबांनी जुने इंजिन भंगारात दिले नाही,” काका म्हणाले. “ग्रीस फासले, गोणपाटात गुंडाळले आणि माळ्याखाली फळ्यांवर ठेवले. आई म्हणायची, हे मढे घरातून काढा. बाबा म्हणायचे, असू दे.”

ते ‘असू दे’ तीस वर्षे टिकले. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांनी गोणपाट सोडले. सिलिंडर गंजले होते. वालीवच्या एका गाळ्यात ब्लॉक बोअर करून स्लीव्ह बसवल्या. पिस्टन कुठून आणायचे? तर क्रायस्लरचे याच जातीचे इंजिन त्या काळच्या लहान फार्गो आणि डॉज ट्रकनाही असे, आणि ट्रकचे जुने सामान मोटारीच्या सामानापेक्षा उशिरा मरते. कुर्ला, चोर बाजार, ऑपेरा हाउस असे करता करता संच जमला. वॉटर पंपाचा दांडा आणि दारांच्या मुठी काकांनी मित्राच्या लेथवर स्वतः केल्या. सहा वर्षे गेली.

आता यातली मख्खी अशी. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नवी नोंदणी असेल तर वीस हजार रुपये भरून दहा वर्षांसाठी. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. अट एवढीच की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ नको. डिझेलचे इंजिन असते तर गाडी या दारातून आत शिरली नसती. काकांनी पिवळे पडलेले आरसी बुक उघडले, बॉनेट वर केले आणि ब्लॉकवर कोरलेल्या आकड्यांवर बॅटरीचा झोत टाकला. भाच्याने एकेक आकडा मोठ्याने वाचला. बुकातला आणि लोखंडावरचा नंबर एकच होता. मृत बापाचा हट्ट सरकारी नियमाला असा उपयोगी पडतो.

पण हाच नियम मेहुण्यांच्या बेताच्या मुळावर आला. व्हिंटेज गाडी प्रदर्शनाला न्यावी, रॅलीत न्यावी, दुरुस्तीला न्यावी. रोजच्या वापराला नाही आणि धंद्याला तर नाहीच नाही. म्हणजे वराती बंद.

“मग तुम्ही विकता कशाला?” मेहुण्यांनी जरा चिडूनच विचारले. “मुलगा नाही का कोणी?”

“मुलगा कॅनडात आहे. पण त्यासाठी नाही विकत.” काकांनी आम्हांला शेडच्या मागे नेले. तिथे एक सपाट मैदान होते, त्यावर मुरूम, आणि पलीकडे नव्या इमारतीचे खांब. “हे आमचे बावखल होते. शेजारच्यांनी जमीन विकली, तळे भरले गेले. आता पाऊस पडला की पाण्याला जायला जागा नाही.”

जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले होते, लोकल बंद पडल्या होत्या, मिठागरांतल्या माणसांना बोटींनी काढावे लागले होते. त्या रात्री काकांनी आणि त्यांच्या पत्नीने जॅक लावून एकेक चाक उचलले आणि खाली चिरे सारले. पाणी पायठणीला लागून थांबले. त्यानंतर दर पावसाळ्यात तेच. शेडच्या खांबावर त्यांनी खडूने रेघा मारल्या होत्या, शेजारी साल. रेघा चढत गेल्या होत्या.

“गेल्या वर्षी माझ्याने जॅक फिरवला नाही. हिने फिरवला,” ते पत्नीकडे बोट दाखवून म्हणाले. “हिचे गुडघे गेलेत. गाडी वाचवायची तर ती इथे ठेवता येत नाही. तुमच्या नाशिकला हवा कोरडी आहे ना?”

हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. हवा कशी, अंगण उंचावर आहे का, शेजारी नदी किती अंतरावर. गोदावरीचा पूर कुठपर्यंत येतो हेसुद्धा विचारले. किंमत त्यांनी नऊ लाख सांगितली, आणि त्यावर मेहुण्यांनी साडेसात म्हणताच ते रागावले नाहीत, नुसते चादर उचलू लागले.

गाडी सुरू करून दाखवली तेव्हा मात्र मेहुण्यांचा हिशेब संपला असावा. ते जुने इंजिन शिवणयंत्रासारखे चालते. बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा पेला हलला नाही. भाचा, ज्याला सव्वातीनशे अश्वशक्ती हवी होती, तो बाकावर मध्ये बसला आणि मसलचा म सुद्धा त्याने काढला नाही. मेहुणे पाच मिनिटे गप्प उभे राहिले आणि साडेआठ लाखांवर विसार देऊन मोकळे झाले. धंद्याचे काय, असे मी विचारले. “कसला धंदा?” ते म्हणाले.

कागदपत्रांना वेळ लागला. गाडी हलली ती मे महिन्यात, पावसाच्या पंधरा दिवस आधी. मोटार वाहून नेणारा ट्रक वाडीच्या गल्लीत शिरेना, तेव्हा महामार्गापर्यंत काका स्वतः घेऊन निघाले. मी शेजारी बसलो, बाई मागे. सकाळचे सहा. भाजीच्या टोपल्या घेऊन स्टेशनकडे निघालेल्या बायका बाजूला होत होत्या आणि नावाने हाका मारत होत्या. चर्चजवळ काकांनी वेग कमी केला, एक म्हातारा फाटकातून बाहेर आला, बॉनेटवर हात फिरवून परत गेला. सोपारा गेले, उड्डाणपूल गेला. हायवेवर ट्रकच्या फळ्या लागलेल्या होत्या. काकांनी एका दमात गाडी वर चढवली, उतरून चारी चाकांचे पट्टे स्वतः ओढून पाहिले, आणि मेहुण्यांना बाजूला घेतले.

“अजून सहा व्होल्टची बॅटरी आहे, बारा करायच्या भानगडीत पडू नका. दिवे मंद लागतात, ते तसेच लागतात. आणि पाणी उकळले तर टोपण लगेच उघडायचे नाही. अर्धा तास थांबायचे. सावलीत.”

मेहुण्यांनी ते खिशातल्या डायरीत लिहून घेतले. बाई तोवर रिक्षा थांबवून आत बसल्या होत्या.